चालत नाही!

मी फावल्या वेळात एक छोटे ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणजे ते लोकांना फुकट देतो आणि त्याबद्दलची बोलणीही फुकट खातो. ते 'आहे तसे, कोणत्याही हमीविना' दिले आहे असे परवान्यात स्वच्छ लिहिले आहे. परंतु परवाना वाचून सॉफ्टवेअर उतरवून घेणारा मनुष्य मला अद्याप भेटायचा आहे.

तक्रार बहुधा एवढीच असते : 'चालत नाही.' म्हणून बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, नोंदवण्यासाठी मी मोठ्या आशेने रकाने आखून दिले. 'आवृत्ती कोणती?' यापुढे 'लेटेस्ट' असे येते, 'आपण काय केलेत?' यापुढे 'काहीच नाही', आणि 'काय घडणे अपेक्षित होते?' यापुढे 'चालायला हवे होते'. एरर मेसेज जसाच्या तसा चिकटवावा अशी विनंती केली, की मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो येतो, ज्यात मागच्या खिडकीचे प्रतिबिंब सुरेख उतरलेले असते, कोपऱ्यात फोटोकाराचा अंगठा असतो आणि नेमकी हवी ती ओळ फ्लॅशच्या पांढऱ्या डागाखाली गडप झालेली असते.

तरीही हे लोक परवडले. खरा धसका घ्यावा तो निदान सोबत घेऊन येणाऱ्यांचा, कारण ते डोळ्यांनी काय पाहिले ते सोडून मनाने काय ताडले तेवढेच सांगतात. हल्ली तर हे निदान एआयकडून लिहून आणतात : भाषा निर्दोष, मांडणी मुद्देसूद, आणि ज्या फंक्शनमध्ये दोष दाखवलेला असतो ते फंक्शन माझ्या कोडमध्ये मुळी नसतेच.

अशा वेळी मला उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या बग-नोंदींमधली ती प्रसिद्ध तक्रार आठवते. एका गृहस्थांच्या पत्नीचे म्हणणे होते, की ओपनऑफिस या लेखन-कामाच्या सॉफ्टवेअरमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. ऐकणाऱ्याने हसण्यावारीच न्यावे असे हे विधान अक्षरशः खरे निघाले. प्रिंटरकडे जाणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीच्या भाषेतल्या) फाइलच्या आरंभी तारीख असे, आणि तीत मंगळवारचे इंग्रजी संक्षिप्त रूप 'ट्यू' दिसले, की फाइलचा प्रकार ओळखणारा प्रोग्रॅम तिला अर्लँग या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल समजे, आणि छपाई तिथेच अडे. बाईंनी ना मेमरीला दोष दिला, ना ड्रायव्हरला. जे दिसले ते वारासकट सांगितले. असा तक्रारदार लाभायला पूर्वपुण्याई लागते.

त्या बाईंना स्मरून मी नुकताच 'वार' हा आणखी एक रकाना वाढवला. त्यात आलेले पहिले उत्तर होते : 'अर्जंट'.