सिझरबद्दलच्या तक्रारीला आमच्या दवाखान्याचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन तारे देऊन तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात: नॉर्मल होईल म्हणून सांगितलं आणि ऐनवेळी सिझर केलं, नवऱ्याला आत घेतलं नाही, बाळ लगेच जवळ दिलं नाही, आणि नंतर घोटभर पाण्यासाठी तरसवलं. तुमच्या केसपेपरमधलं मी इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. पण चोपडा-यावलकडच्या बऱ्याच लेकी-सुना हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सिझर. खासगी दवाखान्यांवर लोकांचा संशय आहे आणि तो हवेतला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या 100 बाळंतपणांपैकी साधारण 14 सिझरची निघाली, खासगीत 47. अवघड केसेस आमच्याकडे येतात, हे कारण मला स्वतःला पटत नाही. त्या बऱ्याचदा सिव्हिललाच जातात. तेव्हा 'का केलं' हे तुम्ही विचारायलाच हवं. मात्र नॉर्मलची हमी आम्ही कोणालाच देत नाही. आम्ही 'प्रयत्न करू' म्हणतो, घरी पोहोचेपर्यंत त्याचं 'होईल' होतं. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 हवेत. कळ ओसरली तरी ते खालीच राहिले, पाण्यात बाळाची शी दिसली आणि पिशवीचं तोंड उघडायला अजून वेळ असला, तर वाट पाहणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

त्या वेळी आम्ही कारण सांगतो, सही बाईचीच घेतो. पण कळांनी कासावीस झालेल्या बाईच्या कानात त्यातलं कितीसं शिरणार? हे बोलणं आठव्या महिन्यातच व्हायला हवं. त्या तपासणीला आम्ही नवरा-सासूला मुद्दाम बोलावतो. सासूबाई येतात, नवरे बहुधा बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाईल बघतात.

नवऱ्यांवरूनच आठवलं. लेबर रूममध्ये एक सोबतीण बाई आम्ही राहू देतो. लेबर रूममधली काळजी सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतिणीवर भर आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र कोणालाच नाही, आणि हा नियम बदलणार नाही.

बाळ रडलं की पुसून आईच्या गालाला लावतो. श्वास जड वाटला तर आधी बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवर ठेवतो. कमरेतल्या इंजेक्शननंतर पुष्कळ जणींना हुडहुडी भरते, हात थरथरतात. अशा वेळी बाळ सिस्टर धरते आणि तिथेच अंगावर लावते. पहिल्या तासाभरात दूध सुरू करायचं, हा प्रयत्न सिझरलाही असतो.

आता पाणी. सिझरनंतर दिवसभर उपाशी ठेवायची पद्धत जुनी झाली. उलटी-मळमळ नसेल तर काही तासांतच आम्ही घोट-घोट पाणी, मग चहा-बिस्किट, मग मऊ खिचडी देतो. सिस्टर तसं सांगून जाते. तिची पाठ फिरली की खाटेजवळचा तांब्या उचलून खिडकीत जातो, कारण "टाकास्मा पू व्हई." एकाच घरात नाही, निम्म्या घरांत हे चालतं. पाण्याने टाक्यांत पू होत नाही, तो जंतूंनी होतो. वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 वर असताना बाळंतिणीला पाणी तोडलं तर लघवीला जळजळ होते, चक्कर येते, शौचाला खडा होऊन टाक्यांवर ताण येतो. डिंकाचे लाडू खुशाल खा, पण घरी शेगडी खाटेखाली सरकवू नका, आणि तांब्या हाताशी ठेवा.

बुधवारी ओपीडी संपल्यावर या. ठोक्यांची पट्टी काढून ठेवते आणि कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं सिझरचं कारण मराठीत लिहून देते. येताना सासूबाईंनाही आणा. टाक्यांतून पाणी येत असेल, ताप किंवा जास्त अंगावरून जात असेल, तर मात्र बुधवारची वाट पाहू नका. रात्री कधीही या, शटर बंद दिसलं तरी बाजूच्या दाराची बेल वाजवा.