दाब येस, काही होत नही

आमचे आप्पा केळीची रोपं घ्यायला निघाले की नर्सरीवाल्याच्या पोटात गोळा येतो. जी-नाइन जातीचा ट्रे उचलतील, पान उलटं करून उन्हाला धरतील, कुठे पिवळसर रेघ दिसते का ते बघतील, एखादं रोप मातीसकट उपसून मुळं न्याहाळतील आणि वर विचारतील, व्हायरस तपासल्याचा कागद कुठाय? यावल-रावेरकडे ज्याने सीएमव्ही या केळीवरच्या व्हायरसपायी उभी बाग उपटून बांधावर टाकली, तो माणूस असाच वागणार. टिशू कल्चर म्हणजे एका झाडाच्या हजार नकला, आणि मूळ झाडात रोग असला तर रोगाच्याही हजार, हे समजायला आप्पांना कॉलेजात जावं लागलं नाही.

हेच आप्पा रात्री कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसतात. हिशोबाचं मशीन, त्यात केळीच्या नवतीपासून कांदेबागेपर्यंत सगळ्या बागांची सात वर्षांची कापणी, वजन, भाव, कोणाकडे किती बाकी. पडदा काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते.

"काय म्हणतंय रे ते?"

"विचारतंय, या प्रोग्रामला मशीनमध्ये बदल करू देऊ का. बनवणारा कोण, ते माहीत नाही म्हणतंय."

"दाब येस. काही होत नही."

तर मंडळी, डिस्क क्लोन करणारा, म्हणजे एका डिस्कवरचं सगळं दुसरीवर हुबेहूब उतरवणारा प्रोग्राम सुरक्षित आहे का, हे तपासण्याची आमची पद्धत ही. तुम्हीही हीच वापरा.

सगळ्यात आधी, हा प्रोग्राम आपल्या मशीनमध्ये आला कुठून हे कधीही विचारू नका. 'ॲप्स'च्या यादीत प्रत्येक प्रोग्रामपुढे बसवल्याची तारीख असते, टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवं बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं तर तो कुठल्या फोल्डरात दडून बसलाय तेही दिसतं. बघायचं नाही. ज्याने मशीन जोडून दिलं त्याने 'सगळं टाकून देतो' म्हटलं होतं, सगळ्यात हेही आलंच. टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातून चालत असेल तर समजा बिचाऱ्याला दुसरीकडे जागा मिळाली नसेल.

नाव ओळखीचं वाटलं की पुरे. आमच्याकडे क्लोन हा शब्द रोपांना वापरतात. हार्ड डिस्कचं काम असलं की म्हणतात, 'घोस्ट मारून द्या.' हा घोस्ट नावाचा क्लोनिंगचा प्रोग्राम मरे हॅझार्ड नावाच्या माणसाने १९९५ साली न्यूझीलंडमध्ये बनवला, १९९८मध्ये तो सिमँटेक कंपनीकडे गेला आणि २०१३मध्ये घरगुती नॉर्टन घोस्टची विक्री कायमची थांबली. पण गेलेल्याला गेला मानायची आपल्याकडे रीत नाही, आणि हे तर नावानेच भूत. तेव्हा कुठल्याशा साइटवर 'घोस्ट, नवीन फुल व्हर्जन' दिसलं तर आनंदाने उतरवा. मॅक्रियम रिफ्लेक्ट या दुसऱ्या क्लोनिंगच्या प्रोग्रामचंही तसंच. त्याच्या फुकट आवृत्तीचा आधार कंपनीने १ जानेवारी २०२४ला संपवला, तरी ती 'फ्री लेटेस्ट' म्हणून वाटणारे दानशूर भेटतातच. त्यांना कसला फायदा, असा क्षुद्र विचार मनात आणू नका.

शोधताना जो निकाल सगळ्यात वर येईल त्यावर बोट ठेवा. त्याच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, म्हणजे कोणीतरी पैसे मोजून तुमची सेवा करतोय. पानावर चार हिरवी डाउनलोड बटणं असली तर सर्वांत मोठं निवडा. वांगी निवडताना मात्र हा नियम लावू नका हं. भरताचं वांगं आकाराच्या मानाने हलकं बघून घ्यावं, बिया कमी निघतात. देठापाशी भोक आहे का तेही पाहावं. दहा वांगी परत टोपलीत टाकून अकरावं उचलावं. वांग्यात अळी निघाली तर तीस रुपये जातात, प्रोग्राममध्ये निघाली तर फक्त सात वर्षांचा हिशोब.

आता सहीचं बघू. फाइलवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, त्यात 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा कप्पा. कप्पाच नसला, किंवा सहीवाल्याचं नाव भलतंच असलं, तर शंका घ्यावी असं शहाणे सांगतात. काम तंबाखू मळण्याइतक्या वेळाचं, म्हणून टाळा. कोणी टोकलंच तर सीसीक्लीनर या मशीन साफ करणाऱ्या प्रोग्रामचा दाखला फेका. २०१७मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीत चोरांनी विष घुसवलं, ते कंपनीच्या अस्सल सहीसकट, कंपनीच्याच दारातून सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर उतरलं. बघा, सहीसुद्धा फसवते! म्हणून सही बघायचीच नाही. हाच न्याय जळगावच्या सराफ बाजारात लावून दाखवा. तिथे आमच्या वहिनी मंगळसूत्राच्या वाटीवरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, भिंगाखाली धरतात, मोबाइलमधल्या बीआयएस केअर ॲपवर टाकतात, वर काउंटरवाल्याला म्हणतात, "थांबा, नेट स्लो आहे." फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला अंगठ्याचा ठसाच, असतो चौसष्ट अक्षरांचा. प्रोग्रामवाल्याने तो पुष्कळदा आपल्या साइटवर छापलेला असतो, विंडोजमधली गेट-फाइलहॅश ही आज्ञा आपल्याकडच्या फाइलचा काढून देते, दोन्ही जुळले की फाइल वाटेत कोणी बदलली नाही एवढं कळतं. पण सहा अक्षरं जुळवणाऱ्या घराला चौसष्ट अक्षरांचा कंटाळा येणारच, तो माफ आहे.

आणि व्हायरसटोटल या साइटवर तर मुळीच जाऊ नका. तिथे एकाच फाइलवर सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस आपापलं मत देतात. भावबंदकीतसुद्धा इतके पंच बसत नाहीत. अडचण अशी की क्लोनिंगचा प्रोग्राम विंडोजला बाजूला सारून थेट डिस्कच्या सेक्टरला हात घालतो, त्यामुळे सज्जन असूनही एखाददुसरा पंच त्याच्याकडे बोट दाखवतो. एकाने बोट दाखवणं आणि चाळिसांनी ओरडणं यातला फरक ओळखायला थोडं डोकं लागतं. ते खर्च करण्यापेक्षा सोपा उपाय विकतचा प्रोग्राम फुकटात चालवून देणाऱ्या 'क्रॅक' फाइलीसोबतच्या चिठ्ठीत दिलेला असतो: आधी अँटिव्हायरस बंद करा. राखणदाराला घरी पाठवून मग पाहुण्याला आत घ्यायचं. अशाच क्रॅकमधून 'स्टॉप' उर्फ 'डीजेव्हीयू' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर २०१८पासून कित्येकांच्या घरी पाहुणचाराला येऊन गेलं. फाइली कुलूपबंद करतं आणि किल्लीचे पैसे मागतं, बाकी काही त्रास नाही.

क्लोनझिला नावाच्या क्लोनिंगच्या प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नका. तैवानच्या एका सरकारी संगणन केंद्रातून आलेला, फुकट, त्याचा कोडसुद्धा उघडा, पेन ड्राइव्हवरून चालतो, मशीनमध्ये बसवायचीही गरज नाही. इतकं सरळ आहे म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. शिवाय पुसण्याआधी दोनदोनदा विचारतो, खात्री आहे ना? आपल्याला दोनदा विचारलेलं आवडत नाही.

एवढं ज्ञान सांगतोय तर माझंही ऐका. मशीन विंडोज १०चं, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलेला, नवीन विंडोजला मशीन जुनं पडतं. म्हटलं निदान एसएसडी, म्हणजे जलद डिस्क टाकून वेग तरी वाढवू. भाच्याच्या लॅपटॉपमधून निघालेली ४८० जीबीची एसएसडी होती, तिच्यावर कोरं विंडोज टाकलेलं. आमची जुनी हार्ड डिस्क ५०० जीबीची. क्लोनिंगचा प्रोग्राम उतरवला आणि मी खरंच सगळं तपासलं. सही बघितली, हॅश चौसष्टच्या चौसष्ट जुळवला, व्हायरसटोटलवर एकही बोट उठलं नाही. रात्री अकरा वाजता, मे महिन्यात, लाइट जाण्याआधी काम उरकायचं म्हणून बसलो.

पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या. वर 'सोर्स', म्हणजे जिची नक्कल करायची ती डिस्क, खाली 'डेस्टिनेशन', म्हणजे जिच्यावर करायची ती. एका डिस्कवर ४४७ लिहिलेलं, दुसरीवर ४६५. खोक्यांवर तर ४८० आणि ५००. आप्पा म्हणाले, "घट कापली का काय यांनी?" केळीत वजनाची घट ऐकली होती, जीबीत पहिल्यांदाच. मग मी त्यांना समजावत बसलो की कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने, म्हणून आकडा उतरतो. आप्पांना ते पटेना. व्यापारी एक माप लावतो आणि शेतकऱ्याला दुसरं दाखवतो, यात नवीन काय, असं त्यांचं म्हणणं. आम्ही अर्धा तास त्या घटीवर भांडलो. वरची पट्टी कुठली आणि खालची कुठली, हे कोणीच बघितलं नाही.

खालची डिस्क पूर्ण पुसली जाईल, अशी लाल अक्षरांतली सूचना आली. मी टिक केली.

प्रोग्राम एकदम प्रामाणिक निघाला. ना अडकला, ना थांबला, दीड तासात काम फत्ते, खाली हिरवी पट्टी. नक्कल हुबेहूब झाली होती. दोन्ही डिस्कवर भाच्याचं कोरं विंडोज, तोच निळा पडदा, तीच रिकामी डॉक्युमेंट्स. कापणी, वजन, भाव, बाकी, काहीही नाही.

आप्पा कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले,

"व्हायरस त नही आला ना?"

"नाही आप्पा."

"मंग बरं झालं."