औषधपाण्याची सोय

महिन्याच्या गोळ्यांचं बिल बघूनच बीपी वाढत असेल, तर जरा पटानचेरूचा विचार करा. सोलापूरहून हैदराबादला बसने गेला असाल, तर हे गाव तुम्ही झोपेत ओलांडलं आहे.

तिथल्या जवळपास 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात यायचं, त्यावर प्रक्रिया व्हायची आणि मग ते इसकावागू ओढ्यात सुटायचं. स्वीडनच्या संशोधकांनी हे प्रक्रिया झालेलं (हो, झालेलं) पाणी तपासलं. 2007 साली छापून आलेला त्यांचा आकडा असा : लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे जंतू मारणारं आपलं नेहमीचं अँटिबायोटिक सिप्रो. म्हणजे सोळा लिटरची बादली भरली की 500 ची एक गोळी आलीच. वर पाण्यासोबत घ्यायची कटकट नाही. दिवसाला साधारण 45 किलो, म्हणजे 90 हजार गोळ्या. अख्खा स्वीडन पाच दिवसांत खातो तेवढं सिप्रो आपला एक ओढा दिवसात रिचवायचा. कोर्स अर्धवट सोडू नका, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडतात. इथे सुटायची सोयच नव्हती.

शिवाय एकाच औषधावर भागवायचं नाही. त्याच पाण्यात बीपीची लोसार्टन, ॲसिडिटीची रॅनिटिडिन, आणि हे सगळं ऐकून मन खिन्न झालं तर सिटालोप्रामही होती. सर्दीवाल्यांनी तळ्याकडे वळावं. 2009 च्या अभ्यासात तिथल्या एका तळ्यात लिटरमागे 1.2 मिलिग्रॅम सेटिरिझिन निघालं. आठ-साडेआठ लिटर प्यायलं की शिंका बंद. बाकी काय काय बंद होईल ते सांगता येत नाही. तळ्यापर्यंत चालवत नसेल, तर आसपासच्या गावांतल्या विहिरींतही औषधं सापडली होती. डोस तेवढा हलका.

जंतूंचं मात्र कौतुक करा. रोज अँटिबायोटिकमध्ये डुंबून जे टिकतात, ते तालमीतल्या पठ्ठ्यासारखे तयार होतात आणि औषधाला चीत करायचा डाव जनुकासकट दुसऱ्या जंतूला देऊन टाकतात. समोरच्याची जात बघत नाहीत. आपल्याला हे अजून जमलेलं नाही.

तुम्ही मराठवाड्यातले असाल, तर परकेपणा मानू नका. इसकावागू नक्कावागूला मिळतो, नक्कावागू मांजरेला. बीडच्या डोंगरात उगम पावलेली तीच ही मांजरा, पुढे नांदेडची हद्द शिवून गोदावरीत जाणारी. नंतर म्हणे 18 किलोमीटरची पाइपलाइन टाकून केंद्राचं पाणी हैदराबादेत अंबरपेटला, मुसी नदीकाठी नेलं. शहरातल्यांनी तरी का उपाशी राहावं?

कुणी नियमाचा बडगा दाखवला, तर शांतपणे तारखा सांगा. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला : कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल, याची शंभरावर नावांची यादी. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम आले. यादी वाटेतच उतरली. सीओडी-बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते, ते मोजतात हो, अगदी काटेकोर मर्यादा आहेत. पण ज्याला मर्यादाच नाही, ते जास्त झालं असं म्हणायची कुणाची टाप आहे? प्रदूषण कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय माझ्या तरी पाहण्यात नाही.

तेव्हा उद्या डॉक्टरांनी लिहून दिलेली सिप्रो लागू पडली नाही, तर केमिस्टशी हुज्जत घालू नका. वरच्या पॉवरची मागा. तीही बहुधा तिकडचीच निघेल.