दाराबाहेरची खुर्ची

मेलबर्नच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बसायला सांगितलं, तेव्हा खरं सांगते, मला राग आला होता. मुलगी चौदा वर्षांची. धड झोप नाही, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं. तिला घेऊन आले मी, पैसे भरणार मी, आणि "दहा मिनिटं आम्ही दोघीच बोलतो" म्हटल्यावर उठायचंही मीच. कोथरूडमध्ये वाढलेल्या बाईला हे पचत नाही. आपल्याकडे घसा मुलाचा दुखतो, पण "कधीपासून?" या प्रश्नाचं उत्तर आईच देते.

हे सगळं आठवलं ते घरच्या ग्रुपवर पेटलेल्या वादामुळे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले की, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोचिंग क्लासनी मार्कांवरून बॅचेस पाडू नयेत, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, हेही त्यात आहे. काकांचं म्हणणं, आमच्या वेळी नव्हते समुपदेशक, आम्ही काय वेडे झालो? आतेबहीण म्हणाली, नेमून टाका एकदाचे, प्रश्न मिटेल. मला दोन्ही पटेना. नेमणूक हवीच, पण मुलाने त्या खोलीत सांगितलेलं कुठवर जाणार, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

माझ्या भाच्याच्या शाळेत समुपदेशक होत्या की. पुण्यातली नावाजलेली शाळा, बाहेर पाटीसुद्धा. भाचा दहावीत. त्याने त्यांना सांगितलं, मला जेईईच्या क्लासला जायचं नाही, मी तिथे न जाता सारसबागेत बसतो, बाबांना सांगायची भीती वाटते. दुपारपर्यंत हे शिक्षकांच्या खोलीत पोचलं, संध्याकाळी बाबांना फोन. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका वर्गात म्हणाल्या, "तुला टेन्शन येतं ना, मग पुढच्या बाकावर बस." त्यानंतर वर्षभर तो त्या खोलीकडे फिरकला नाही. त्या समुपदेशकांनाही मी दोष देणार नाही. त्यांचा पगार, त्यांची खोली, त्यांचा अहवाल, सगळं मुख्याध्यापकांच्या हाती.

आपल्या शब्दातच घोळ आहे. समुपदेशन म्हटलं की उपदेश आलाच. कौन्सेलिंग म्हणावं तर अर्ध्या पुण्याला ॲडमिशन आठवते, आणि उरलेल्यांना बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणारी ती 'टेस्ट', जिला काडीचा शास्त्रीय आधार नाही.

इथे मेलबर्नमध्ये काय झालं ते सांगते. पहिल्याच भेटीत, डॉक्टरांनी सुचवलेल्या सायकॉलॉजिस्टनी आम्हा दोघींसमोर सांगितलं, "ही बोलेल ते माझ्यापाशी राहील. अपवाद तीन: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा कुणी हिला त्रास देत असेल तर." मग मी बाहेरच्या खुर्चीवर. आत काय चाललं, ते मुलीनेच हळूहळू सांगितलं. उपदेश नव्हताच. पोटात दुखायच्या आधी डोक्यात काय येतं ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकापर्यंतच जायचं, मग लायब्ररीत अर्धा तास, मग एक तास वर्गात. भीती पळवून लावायची नाही, तिच्यासकट थोडं थोडं चालायचं. सहाव्या आठवड्यात ती पूर्ण दिवस बसून आली आणि भूक लागली म्हणाली. मी कुकर लावता लावता रडले.

पण इथे स्वर्ग आहे असं समजू नका. पहिल्या भेटीसाठी साडेतीन महिने थांबलो. सरकारी सवलत वर्षाला दहाच भेटींची, वरचे पैसे खिशातून. आणि आजी नातीजवळ झोपते म्हटल्यावर सायकॉलॉजिस्ट बाईंच्या भुवया ज्या वर गेल्या! त्या साडेतीन महिन्यांत मुलीला सावरलं असेल तर त्याच आजीने, पण फॉर्ममध्ये आजीसाठी रकाना नाही.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, शिक्षकांनाच चार दिवसांचं प्रशिक्षण द्या, स्वस्तात होईल. हा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक शाळांच्या अभ्यासात एकच कार्यक्रम काही ठिकाणी शिक्षकांनी, तर काही ठिकाणी केवळ त्यासाठी नेमलेल्या साध्या, पेशाने तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी राबवला. दुसऱ्या गटातल्या शाळांचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या गटात फरक जवळजवळ शून्य. कारणं अनेक असतील. मी मात्र माझ्यापुरता अर्थ काढला: ज्याच्या हातात मार्क, त्याच्यापाशी मन मोकळं होत नाही.

शिवाय कायद्याचीही अडचण आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक संबंधाची माहिती मिळाली तर ती पोलिसांना द्यावीच लागते. अत्याचाराच्या बाबतीत हे अत्यंत योग्य. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मित्राबद्दल गोंधळून विचारायला आली, तर समुपदेशकाने काय करायचं? 'तुझं माझ्यापाशी राहील' हे वचन तिथे देताच येत नाही. काकांना हा प्रश्न विचारला, तर त्यांनी गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं.

भाऊ आता भाच्याला दर शनिवारी कर्वे रस्त्यावर एका बाईंकडे नेतो. शाळेशी संबंध नसलेल्या. पोरगा वर जातो, हा खाली टपरीवर चहा घेत उभा. इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि माझा फोन वाजतो.

"ताई, काय सांगत असेल गं तो?"

"माहीत नाही."

"विचारू का उतरल्यावर?"

"भूक लागली का, एवढंच विचार."

"बरं." मग थोडा वेळ नुसते रिक्षांचे आवाज. "अजून पंचवीस मिनिटं आहेत."