स्कॉटचं कर्ज कुणी माफ केलं नव्हतं

बंगल्याचं कर्ज वाढवू नकोस म्हटलं, तर धाकट्या भावाने उत्तरादाखल एक फॉरवर्ड पाठवला. त्यातले दावे असे: स्कॉटलंडमधला ॲबट्सफर्ड हा ७०० वर्षं जुना किल्ला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने तो कर्ज काढून सजवला, दिवाळं निघालं, पण देणेकऱ्यांनी सगळं माफ केलं आणि वाडा त्याच्याकडेच राहिला, आतलं कोरीवकाम अस्सल ओकचं, पैसा हिंदुस्थानच्या लुटीचा. खाली तात्पर्य: हप्त्यांना घाबरू नका!

वयाचं आधी उरकतो. १८११ मध्ये स्कॉटने ट्वीड नदीकाठी शेत घेतलं आणि आजचा वाडा १८१७ ते १८२४ मध्ये बांधला. बुरूज, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती, सगळं जुनेपणाचं हौशी सोंग. खरं जुनं म्हणजे एडिंबराच्या पाडलेल्या तुरुंगाच्या दारासारखे काही तुकडे, तेही बाहेरून आणून बसवलेले.

आता माफीची थाप. १८२६ मध्ये स्कॉटचा प्रकाशक बुडाला. छापखान्यातली भागीदारी आणि एकमेकांच्या नावावर फिरवलेल्या हुंड्या यांमुळे स्कॉटच्या डोक्यावर लाखाहून अधिक पौंड आले. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं. त्याची त्या वर्षाची रोजनिशी वाचा म्हणजे कळेल, की ती वाट त्याने का नाकारली आणि देणं लिहून फेडायचं का ठरवलं. एडिंबराचं घर विकलं, त्याच वर्षी बायको गेली, आणि हा माणूस लिहीत बसला. १८२७ मध्ये नेपोलियनचं नऊ खंडी चरित्र आलं. पुढे पक्षाघाताचे झटके आले, तरी लेखणी चालूच. १८३२ मध्ये गेला तेव्हाही देणं शिल्लक होतं. ते विम्याच्या आणि पुस्तकांच्या हक्कांच्या पैशातून फिटलं. याला माफी म्हणतात?

वाडा वाचला, कारण १८२५ मध्येच मुलाच्या लग्नात तो त्याच्या नावे करून दिला होता. बरं, देणेकऱ्यांनी १८३० मध्ये ग्रंथसंग्रह आणि सामान परत दिलं, हे खरं. पण तोवर त्याने हजारो पौंड फेडले होते, म्हणून!

लुटीबद्दल: दिवाणखान्यातला हाताने रंगवलेला चिनी भिंतीचा कागद ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कप्तान असलेल्या स्कॉटच्या नातेवाइकाने दिलेला. तेवढं मान्य. कंपनीच्या पैशावर उभे राहिलेले वाडे स्कॉटलंडात आहेतच. हा मात्र कादंबऱ्यांच्या कमाईवर आणि उधारीवर उभा राहिला.

आणि ते अस्सल ओक? छतांवरचं बरंचसं प्लास्टर आहे, लाकडासारखं रंगवलेलं.