एक्स-रे काढून आलेल्या आईने बाळाला लगेच पाजावं

"एक्स-रेची किरणं 48 तास अंगात राहतात. तोवर बाळाला पाजू नका, जवळ घेऊ नका. भरपूर पाणी पिऊन किरणं बाहेर काढा. त्या खोलीतल्या वस्तूंना हात लावू नका. शिशाचा एप्रन दिला नाही तर भांडा." हा मेसेज काल आमच्या घरातल्या ओल्या बाळंतिणीच्या फोनवर येऊन पडला. आता गप्प बसवत नाही.

आधी ते 48 तास. छातीच्या एक्स-रेसाठी किरण तयार करणाऱ्या ट्यूबला साधारण 110 ते 125 किलोव्होल्ट देतात, तेही सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरते. व्होल्टेज बंद झालं की किरण तयार होणंच थांबतं. निघालेला फोटॉन (किरणाचा एक कण) छाती पार करतो एक अब्जांश सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात एक तर तो आरपार जाऊन डिटेक्टरवर पडतो, नाही तर अणूच्या आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला सगळी ऊर्जा देऊन स्वतः संपतो (फोटोइलेक्ट्रिक शोषण), किंवा एखाद्या सैल इलेक्ट्रॉनवर आदळून थोडी ऊर्जा गमावतो आणि दिशा बदलतो (कॉम्प्टन विकिरण). हे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून कॅल्शियमचं हाड पांढरं दिसतं आणि मऊ भाग करडे. पण शोषला गेला म्हणजे साठला नव्हे. तो फोटॉन उरतच नाही, आणि त्याने उडवलेला इलेक्ट्रॉन मिलिमीटरभरही न जाता थांबतो.

शरीर स्वतः किरणोत्सारी व्हायचं तर अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उखडावा लागेल. कार्बन किंवा ऑक्सिजनच्या बाबतीत त्याला दीड कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टहून (अशा कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) जास्त ऊर्जा लागते. इथे ट्यूबला 125 किलोव्होल्टच असल्याने फोटॉनची ऊर्जा कमाल सव्वा लाख. खोलीतल्या टेबल-खुर्चीचंही उत्तर यातच आलं.

म्हणजे दुधात काहीच बदलत नाही. काँट्रास्ट (आतले भाग स्पष्ट दिसावेत म्हणून दिलेलं आयोडीनयुक्त औषध) देऊन केलेल्या सीटी स्कॅनचं काय? त्यातलं आयोडीन साधं, किरणोत्सारी नसलेलं असतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते: दिलेल्या मात्रेच्या 1 टक्क्याहून कमी काँट्रास्ट दुधात उतरतं, त्यातलंही 1 टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषलं जातं, स्तनपान चालू ठेवणं सुरक्षित आहे. उलट दोन दिवस पाजणं थांबवलं, तर छाती दाटते, गाठी होतात, दूध आटायला लागतं. मेसेजने होणारं खरं नुकसान हे आहे.

अर्धसत्य एवढंच, की न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासणीत किरणोत्सारी औषधच शरीरात सोडतात. अशा औषधांतल्या टेक्नेशियम-99एमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) 6 तास, आयोडीन-131चं 8 दिवस. तिथे बाळापासून लांब राहण्याच्या, पाजणं थांबवण्याच्या सूचना असू शकतात आणि त्या तंतोतंत पाळाव्यात. आयोडीन-131 दिलं असेल तर त्या बाळाचं अंगावरचं दूध कायमचं बंद करावं लागतं. मेसेज लिहिणाऱ्याने तिथली सूचना उचलून एक्स-रेला चिकटवली.

पाण्याने काँट्रास्ट लघवीवाटे लवकर जातं, किरणं नव्हे. ती कधीच गेलेली असतात.

एप्रनवरून भांडू नका. पोटातल्या अवयवांपर्यंत पोचणारे किरण बहुतांश छातीत विखुरून शरीराच्या आतूनच येतात, बाहेरचा एप्रन ते अडवू शकत नाही. तो सरकून सेन्सरवर आला तर यंत्राला किरण कमी पडल्यासारखे वाटतात आणि ते एक्स्पोजर वाढवतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच पेशंटच्या जननेंद्रियांवर आणि गर्भावर शिल्ड ठेवण्याची सरसकट पद्धत बंद करायला सांगितलं. मूल धरून उभ्या राहणाऱ्या नातेवाइकाला मात्र एप्रन हवाच, कारण विखुरलेले किरण त्याच्या अंगावर येतात.

किरणांनी पेशींना इजा होऊ शकते, हे खरंच आहे. पण छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे 0.02 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजण्याचं एकक). निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिळतात, म्हणजे हा तीन दिवसांचा वाटा झाला. पोटाच्या सीटीला 8 ते 10 लागतात. त्यामुळे काळजी करायची तर विनाकारण पुन्हा पुन्हा होणाऱ्या सीटीची करा, जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर टेबलावर झोपायच्या आधी टेक्निशियनला सांगा.