अंदाज आल्यावर हलायचं कोणी?

स्थलांतराचा अंदाज बांधण्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, युरोपातली यंत्रणा गूगलवरचे शोध आणि बातम्या चाळून आश्रयार्थींचा अंदाज काही आठवडे आधी बांधते. चांगलंच आहे. पण आश्रयाचा अर्ज युरोपातल्या कुठल्या देशानं तपासायचा हे ठरवणाऱ्या डब्लिन नियमावलीत 2013 सालीच पूर्वसूचनेचं कलम 33 होतं. 2015 मध्ये दहा लाखांवर माणसं समुद्रमार्गे आली, तरी ते कधी वापरलं गेलं नाही!

आमच्या इंदूरच्या गंगवाल बसस्टँडवर येऊन बघा. झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबं मजुरीला इथे उतरतात, भगोरियाला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रेला, गावी परततात. पावसानं दगा दिला की गावातून लवकर निघतात. पोत्यात तवा, कडेवर पोर. मुकादमाची उचल घेतली की घराला कुलूप लागणार हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ती उचल कुठल्या आकडेवारीत येते?

मे 2020 मध्ये बायपासवर आम्ही पायी घरी निघालेल्या मजुरांना पोळ्या-भाजी वाटत होतो. एका बाईनं चपलेऐवजी पायाला प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधली होती. मार्चमध्ये टाळेबंदीची घोषणा झाली रात्री आठला, अंमल बाराला. ही माणसं घराकडे निघणार, हे कळायला संगणक लागत नव्हता.

म्हणून सांगते, अंदाज बांधालच तर तो आधी रेशन दुकान आणि अंगणवाडीपर्यंत पोहोचवा.